एक सरोवर, दोन काठ: लैंगिक आजार बरे केले तर एचआयव्ही थांबतो का?

गरमी, परमा, बद. हे शब्द आता फारसे कानावर पडत नाहीत, पण आपल्या भाषेत ते कैक पिढ्या नांदले आहेत. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया आणि बद म्हणजे जांघेत येणारी दुखरी गाठ. बायकांची तक्रार ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढ्यावर येऊन थांबते, तीही जावेला किंवा शेजारणीला हळूच सांगितलेली. पुरुषांची तक्रार रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते: ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’. खरं तर यातले बरेचसे आजार साध्या जंतूंमुळे होणारे, एखादा तर वेळेवर दिलेल्या एका इंजेक्शनाने बरा होणारा. पण नावातच ‘गुप्त’ आहे, म्हणून माणूस सरकारी दवाखान्याऐवजी त्या भिंतीवरचा पत्ता शोधत जातो.

मला इथे एकच प्रश्न नीट उलगडायचा आहे. हे आजार वेळेवर बरे केले, तर एचआयव्हीचा प्रसार कमी होतो का? उत्तर ‘हो’ असणार, असं कुणालाही वाटेल. १९९०च्या दशकात जगभरच्या तज्ज्ञांनाही तसंच वाटत होतं. मग आफ्रिकेत एकाच सरोवराच्या काठाने दोन मोठे प्रयोग झाले आणि दोन वेगळी उत्तरं आली. त्या दोन उत्तरांचा मेळ लावताना जे समजलं, ते आपल्याकडच्या दवाखान्यांनाही लागू पडतं.

आधी एक शंका दूर करायला हवी. ज्यांना परमा किंवा गरमी झालेली असते त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण जास्त असतं, हे साथीच्या सुरुवातीपासून दिसत होतं. पण तेवढ्यावरून एकामुळे दुसरं होतं असं म्हणता येत नाही. पाऊस आला की चिखल होतो आणि छत्र्याही उघडतात, म्हणून छत्र्यांमुळे चिखल होत नाही. हे सगळे आजार कंडोमशिवायच्या शरीरसंबंधातून येतात, त्यामुळे ते एकाच माणसात सापडणारच. खरा प्रश्न असा: दोन माणसांचं वागणं अगदी सारखं आहे, पण एकाला लैंगिक आजार आहे आणि दुसऱ्याला नाही, तर त्यांचा एचआयव्हीचा धोका वेगळा असतो का?

असतो. जननेंद्रियांवरची त्वचा आणि आतलं ओलसर अस्तर धडधाकट असेल तर एचआयव्हीला आत शिरणं तितकं सोपं जात नाही. सिफिलिसच्या किंवा हर्पिसच्या (विषाणूमुळे होणारा, फोड आणणारा आजार) जखमेने त्या अस्तराला भोक पडतं. हे लगेच पटतं. त्याहून मोठं कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. जखम नसली, आत नुसता दाह असला, तरी शरीर त्या जागी संरक्षक पेशींची फौज पाठवतं. या फौजेत सीडी४ नावाच्या पेशी असतात, आणि एचआयव्ही नेमका याच पेशींमध्ये शिरून वाढतो. म्हणजे परम्याच्या जंतूंशी लढायला शरीराने ज्यांना दारात उभं केलं, त्याच पेशी एचआयव्हीच्या हाती सापडतात. ज्याला अजून एचआयव्ही नाही, त्याचा धोका असा वाढतो.

ज्याला एचआयव्ही आधीच आहे, त्याच्याकडून तो दुसऱ्याला जाण्याचा धोकाही वाढतो. मलावीमध्ये झालेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्या पुरुषांचे दोन गट पाहिले गेले: काहींना मूत्रमार्गाचा दाह होता, काहींना नव्हता. दोन्ही गटांच्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण साधारण सारखंच होतं. पण दाह असलेल्यांच्या वीर्यात तो सुमारे ८ पट निघाला. त्यांना दाहावरची साधी प्रतिजैविकं दिली, आणि दोन आठवड्यांत वीर्यातला विषाणू घटला. या प्रतिजैविकांचा एचआयव्हीवर थेट काहीच परिणाम होत नाही. बरा झाला तो मूत्रमार्ग, आणि कमी झाली ती एचआयव्ही पसरवण्याची क्षमता.

शरीरातली ही गोष्ट गावाच्या पातळीवर कशी उतरते? साथ वाढणार की विझणार, हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. एका संबंधातून लागण होण्याची शक्यता किती, माणसं जोडीदार किती वेगाने बदलतात, आणि लागण झालेला माणूस ती किती काळ पुढे देऊ शकतो. एका रुग्णाकडून सरासरी एकापेक्षा जास्त माणसांना लागण होत असेल तर साथ पसरते, एकापेक्षा कमी होत असेल तर हळूहळू विझते. कंडोम यातला पहिला आकडा खाली आणतो. लैंगिक आजारांवरचा उपचार त्या आजारांच्या बाबतीत तिसरा आकडा कमी करतो, कारण माणूस महिनोन्महिने आजार घेऊन फिरत नाही. आणि एचआयव्हीच्या बाबतीत तोच उपचार पहिला आकडा कमी करतो. एका औषधात दोन कामं, निदान कागदावर तरी.

दक्षिण काठ: म्वांझा

टांझानियातलं म्वांझा शहर व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. त्याच्या आसपासच्या ग्रामीण भागात १९९१च्या अखेरीस एक प्रयोग सुरू झाला. बारा वस्त्या निवडून त्यांच्या सहा जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एका वस्तीत लैंगिक आजारांचा उपचार सुधारायचा, दुसरीत जे चाललंय ते तसंच चालू द्यायचं आणि दोन वर्षांनी फरक मोजायचा, अशी आखणी होती.

नवी रुग्णालयं बांधली नाहीत. आहेत त्याच आरोग्य केंद्रांतल्या आणि छोट्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. औषधांचा साठा कधी संपणार नाही याची व्यवस्था केली. पर्यवेक्षक ठरावीक काळाने भेट देऊन कामाची पाहणी करत. गावांत जाऊन ‘अशी लक्षणं दिसली तर दवाखान्यात या’ एवढं सांगितलं गेलं. उपचाराची पद्धत लक्षणांवर आधारलेली होती. स्राव होतोय? तर स्राव ज्या ज्या जंतूंमुळे होऊ शकतो त्या सगळ्यांवरचं औषध त्याच दिवशी. जखम आहे? तर जखमेच्या संभाव्य कारणांवरचं औषध, तेही तिथल्या तिथे. ‘रिपोर्ट घ्यायला परवा या’ ही भानगडच नाही. ज्यांनी ग्रामीण दवाखान्यात काम केलंय त्यांना ठाऊक असेल, ‘परवा या’ म्हटलेल्यांपैकी कितीजण खरोखर परवा येतात.

निकाल ऑगस्ट १९९५मध्ये जाहीर झाला. सुधारित उपचार असलेल्या वस्त्यांमध्ये दोन वर्षांत १.२ टक्के लोकांना नव्याने एचआयव्ही झाला होता, इतर वस्त्यांमध्ये १.९ टक्के लोकांना. वयाचा आणि इतर गोष्टींचा हिशेब धरून सुमारे ४० टक्के घट. दोन्हीकडे लोकांचं लैंगिक वागणं आणि कंडोमचा वापर यांत म्हणावा असा फरक नव्हता, त्यामुळे श्रेय उपचारालाच जात होतं. पुढे खर्चाचा हिशेब निघाला: एक एचआयव्ही संसर्ग टाळायला सुमारे २१८ डॉलर. तेव्हा एचआयव्हीवर गरीब देशांना परवडेल असं कुठलंच औषध नव्हतं. अशा काळात हा निकाल केवढा दिलासा देऊन गेला असेल, याची आज कल्पना करणं अवघड आहे.

पश्चिम काठ: राकाई

त्याच सरोवराच्या पश्चिमेला युगांडाचा राकाई जिल्हा आहे. तिथल्या संशोधकांनी १९९४ मध्ये याहून धाडसी प्रयोग सुरू केला. बऱ्याच जणांना लैंगिक आजार असूनही काहीच लक्षणं नसतात, मग ते दवाखान्यात येतील कसे, हा त्यांचा रास्त मुद्दा होता. म्हणून त्यांनी ठरवलं की माणसाने यायची वाट न बघता आपणच घरोघर जायचं आणि १५ ते ५९ वयाच्या सगळ्यांना, आजारी असो वा नसो, दर दहा महिन्यांनी प्रतिजैविकं द्यायची. तुलनेच्या गावांत जीवनसत्त्वाच्या आणि जंतांच्या गोळ्या दिल्या.

ऐकायला हे म्वांझापेक्षा भक्कम वाटतं. सगळ्यांना औषध, कुणी सुटणार नाही. पण १९९९ मध्ये निकाल आला तो वेगळाच. सिफिलिस आणि ट्रिकोमोनास (एका परजीवीमुळे होणारा लैंगिक आजार) कमी झाले होते. एचआयव्ही मात्र दोन्हीकडे सारखाच, दर वर्षी शंभरात दीड या वेगाने वाढत होता. फरक शून्य. २००३ मध्ये युगांडाच्याच मसाका भागातल्या तिसऱ्या प्रयोगातही घट दिसली नाही.

अनेकांनी तेव्हा निष्कर्ष काढला की म्वांझाचा निकाल योगायोग होता आणि ही कल्पनाच बाद करावी. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि तो का, हे थोडं थांबून सांगायला हवं.

दोन्हीकडची साथ वेगवेगळ्या वयाची होती. म्वांझाच्या गावांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं आणि साथ चढणीला लागलेली होती. राकाईत ते १६ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे साथ जुनी आणि मुरलेली. साथ नवी असते तेव्हा ती जास्त जोडीदार असलेल्या थोड्या माणसांमधून धावते, आणि बरे होणारे लैंगिक आजारही त्याच माणसांत साठलेले असतात. तिथे परमा बरा केला की एचआयव्हीचीही वाट अडते. साथ जुनी झाली की ती घरांत शिरते. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला. वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या जोडप्यात ना परमा असतो ना गरमी, तरीही विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तिथे प्रतिजैविकं बरं तरी काय करणार? शिवाय युगांडात तोवर लोकांचं वागणं बरंच बदललं होतं आणि बरे होणारे आजार आधीच कमी झाले होते. जखमा उरल्या होत्या त्या बऱ्याच अंशी हर्पिसच्या, आणि प्रतिजैविकांचा हर्पिसवर काही परिणाम होत नाही. दोन्ही ठिकाणची आकडेवारी एकत्र घेऊन नंतर संगणकावर गणितं मांडली गेली, तीही मुख्यतः याच दिशेला बोट दाखवतात.

दुसरा फरक उपचाराच्या रीतीत आहे, आणि मला तो तितकाच मोलाचा वाटतो. परम्याची लक्षणं लागण झाल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांत दिसतात. राकाईत औषध मिळाल्यावर महिन्याभराने कुणाला पुन्हा परमा झाला, तर पुढची फेरी नऊ महिने लांब. म्वांझाच्या दवाखान्याचं दार मात्र रोज उघडं होतं. एकदाच सगळं घर झाडून काढून दहा महिने केरसुणीला हात न लावणं, आणि केर दिसला की लगेच काढणं, यांत जो फरक आहे तोच हा. शिवाय ज्याला त्रास होतोय, ज्याच्या मूत्रमार्गात दाह पेटलाय, त्याच्याकडून एचआयव्ही जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. तो माणूस आपल्या पायांनी चालत दवाखान्यात येत होता. म्वांझातल्या पुरुषांमध्ये लक्षणं दिसणारा मूत्रमार्गदाह जवळपास निम्म्यावर आला, लक्षणं नसलेला संसर्ग मात्र फारसा हलला नाही. तरीही एचआयव्ही घटला, यातच सगळं आलं.

राकाईचा प्रयोग वायाही गेला नाही. तिथल्या गरोदर बायकांना उपचाराचा स्पष्ट फायदा झाला: कमी वजनाची बाळं आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातले बाळांचे मृत्यू कमी झाले. एचआयव्हीच्या नजरेने ‘अपयशी’ ठरलेल्या प्रयोगाने बाळं वाचवली, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

हर्पिसचं काय, तेही एका दमात सांगून टाकते. अ‍ॅसायक्लोविर हे हर्पिसवरचं औषध रोज देऊन हर्पिस दाबला तर एचआयव्ही घटेल, या आशेने मोठे प्रयोग झाले. २००८ आणि २०१० मध्ये निकाल आले, घट नाही. वरची जखम भरली तरी तिच्या खाली जमलेल्या सीडी४ पेशी बराच काळ तिथेच राहतात, हे त्यामागचं एक कारण असावं, असं पुढच्या संशोधनातून दिसलं.

आपल्याकडची साथ

भारतातली साथ युगांडासारखी कधीच झाली नाही. २०२३च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ०.२ टक्के. यांतले सर्वांत जास्त लोक महाराष्ट्रात आहेत. आपली साथ सगळीकडे सारखी पसरलेली नाही, ती काही वस्त्यांत आणि काही गटांत दाटलेली आहे. म्हणजे आपल्याला राकाईपेक्षा म्वांझाचा धडा जवळचा आहे.

कोलकात्याच्या सोनागाछी या देहविक्रयाच्या वस्तीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं ते लैंगिक आजारांच्या दवाखान्यापासून. त्या वस्तीतल्या बायकांनाच प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर पाठवलं, आणि दवाखान्याच्या निमित्ताने सुरू झालेलं बोलणं कंडोमपर्यंत आणि पुढे त्या बायकांच्या स्वतःच्या संघटनेपर्यंत गेलं. त्याच साली आपल्या सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेचं काम उभं राहिलं आणि त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद घडली. तिथेही सूत्र तेच: ज्या बाईला धोका आहे तिला उपदेश करायचा नाही, कामाची सूत्रं तिच्याच हाती द्यायची. जिथे बाईला मान मिळतो तिथे ती तपासणीला येते. जिथे केसपेपरवर नाव लिहिताना कुणी भुवया उंचावतं, तिथे ती पुन्हा पाऊल ठेवत नाही, मग औषधाचा साठा कितीही असो.

पण धोका वस्तीपुरता राहत नाही, हे पुण्याने फार लवकर दाखवून दिलं. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी केला. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याशिवाय दुसरा जोडीदार त्यांना नव्हता. त्यांच्यापैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्ही निघाला. हा आकडा सगळ्या समाजाचा नाही, त्रास झाला म्हणून दवाखान्यात आलेल्या बायकांचा आहे. तरीही तो वाचताना दर वेळी थांबायला होतं. यांतल्या बहुतेकींचं एकच ‘वागणं’ होतं, लग्न.

सुरक्षा क्लिनिकमध्ये नेमकं काय होतं

जिल्हा रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते. म्वांझाचीच पद्धत तिथे चालते: लक्षणं विचारायची, तपासायचं, त्याच दिवशी औषध. त्यासाठी रंगांची पाकिटं ठरवलेली आहेत. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर राखाडी, योनीतून पांढरं जात असेल तर हिरवं, जखम असेल तर पांढरं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर त्याऐवजी निळं, हर्पिससाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं आणि बद आली असेल तर काळं. रंग बघून गोळ्या बाहेरून विकत आणायच्या नाहीत. परम्याच्या जंतूने पेनिसिलिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन औषधं बऱ्याच अंशी चुकीच्या वापरामुळे निकामी करून टाकली आहेत.

या पद्धतीची एक मोठी उणीव आहे आणि ती बायकांच्या वाट्याला येते. क्लॅमिडिया हा जंतूंमुळे होणारा लैंगिक आजार झालेल्या बहुतेक बायकांना काही त्रासच जाणवत नाही, म्हणजे लक्षण विचारून आजार सापडत नाही. उलट पांढरं जाणं हे बऱ्याचदा लैंगिक संसर्गाचं नसतंच. बुरशीमुळे किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्यामुळेही ते होतं. म्हणून केवळ पांढरं जातंय यावरून बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय घेणं अन्यायाचं आहे. धोका जास्त असलेल्या बायकांना लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने तपासणीला बोलावतात, ते याच उणिवेवरचा उपाय म्हणून.

सिफिलिस पुरुषाला आणि बाईला सारखाच फसवतो. त्याची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाविना भरून येते. भिंतीवरच्या वैद्याची ख्याती यातूनच वाढते. जखम आपोआप भरते आणि नाव त्याच्या चूर्णाचं होतं. जंतू मात्र रक्तात राहतो. गरोदरपणात तो बाळापर्यंत पोहोचतो आणि मूल पोटातच दगावू शकतं. म्हणून गरोदर बाईच्या पहिल्याच रक्ततपासणीत एचआयव्हीसोबत सिफिलिसही बघतात, आणि निघाला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. बाळाला वाचवणारं खात्रीचं औषध तेच.

आता एचआयव्हीवरच परिणामकारक औषधं आहेत, मग या सगळ्याची गरज उरली का? युरोपातल्या पार्टनर नावाच्या अभ्यासात एचआयव्ही असलेला जोडीदार औषध घेत होता आणि रक्तात विषाणू सापडत नव्हता. कंडोमशिवायचे हजारो संबंध होऊनही एकाही जोडीदाराला त्याच्याकडून लागण झाली नाही, अगदी अनेकांना मध्येच इतर लैंगिक आजार होऊनसुद्धा. म्हणजे विषाणू दाबलेला असेल तर परमा त्याला पुन्हा पसरवू शकत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती लागू होते ज्याला आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत आहे आणि जो नियमाने औषध घेतो त्याला. ज्याला अजून कळलेलंच नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायचं कसं? तो जखम किंवा जळजळ घेऊन सुरक्षा क्लिनिकमध्ये येतो तेव्हा. म्हणून तिथे आलेल्या प्रत्येकाला शेजारच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात पाठवतात. चाचणी मोफत असते, संमतीशिवाय होत नाही, आणि २०१७च्या एचआयव्ही कायद्याने निकाल गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

परमा किंवा गरमी असलेल्या रुग्णाला खोलीतून निघताना जोडीदाराला घेऊन यायला सांगतात. नेमक्या याच ठिकाणी बरेच उपचार फसतात. नवरा गोळ्या घेऊन बरा होतो, घरी काही बोलत नाही, आणि दोन आठवड्यांत बायकोकडून तोच आजार त्याच्याकडे परत येतो. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, ते पुरं करायचं, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे. एचआयव्हीची चाचणी त्या दिवशी निगेटिव्ह आली तरी अलीकडची लागण तिच्यात दिसत नाही, म्हणून शेवटच्या धोक्याच्या प्रसंगापासून तीन महिने मोजून ती पुन्हा करायची. मधल्या काळात कंडोम, प्रत्येक वेळी, घरातसुद्धा.